टाकीतले बारा लिटर

‘साधारण’ हा शब्द आमच्या ऑफिसात बंद होता. तो मालकांनी नव्हे, मेस्त्रींनी बंद केला होता. मालक स्वतः दिवसातून वीसदा तो वापरायचे आणि मेस्त्री समोर असले की जीभ चावायचे. ‘गाडी साधारण चारला पोचेल’ असं मी फोनवर कुणाला सांगितलं, की गॅरेजच्या बाजूने आवाज यायचा, “साधारण म्हणजे किती गो बाय? पावणेचार काय सव्वाचार?” बी.कॉम. होऊन मी कसालला या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले, त्या पहिल्या आठवड्यात हे मी सात वेळा ऐकलं. सात हा आकडा मोजलेला आहे. मेस्त्रींच्या सहवासाचा तो पहिला परिणाम.

ते एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. आता मुलाकडे गोव्यात असतात, आणि तिथल्या शेजाऱ्यांची मला काळजी वाटते. त्या वेळी आमच्या सहा ट्रकांचं सगळं त्यांच्या हातात होतं. आंब्याच्या दिवसांत देवगडच्या पेट्या वाशीला न्यायच्या, एरवी चिरे, काजू, सिमेंट, मिळेल ते. मेस्त्री बुटके, अंगाने सुकलेले, सदैव खाकी पॅंटीत. सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची इंजेक्शनची रिकामी बाटली असायची. बाटलीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. टेबलापाशी बसले की आधी ती आडवी ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो ते बघायचं आणि टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारायची. मगच चहा. आमच्या ऑफिसातलं एकही टेबल घडीशिवाय उभं नव्हतं.

बाजारात मासेवाल्या बायका त्यांना लांबूनच ओळखायच्या. मासे वाट्यावर विकले जातात, पण मेस्त्री वाट्यातला एकेक बांगडा उचलून वितीने मोजायचे. एकदा एकीने त्यांच्या हातातून बांगडा काढून घेतला आणि म्हणाली, “मेस्त्रीनु, ते खावचे आसत, शाळेत घालूचे नाय.” मेस्त्री हसले नाहीत. पलीकडच्या वाट्यातला बांगडा अर्ध्या बोटाने मोठा आहे, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तो खरंच होता.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी मुहूर्तच अडवला. भटजींनी शेवटची ओळ ताणायला घेतली, सगळ्यांचे अक्षतांचे हात वर गेले, आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, “भटजीनु, अजून दीड मिनिट आसा.” मेस्त्रींनी सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर लावलेलं घड्याळ पुढे केलं. भटजींचं घड्याळ पुढेच होतं. दोनशे माणसं मुठीत तांदूळ धरून दीड मिनिट उभी राहिली. नवऱ्या मुलाच्या मामांचं तोंड असं झालं होतं, की ते आता अक्षता मेस्त्रींवरच टाकतील. बहिणीचा संसार छान चालला आहे, आणि त्याचं श्रेय मेस्त्री त्या दीड मिनिटाला देतात.

त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं, तुम्ही कसं काय निभावून नेता. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “माका बगूक इले तेव्हा माज्या बापाशीन सांगल्यान, देवळापासून घर अर्धो मैल. ह्ये जाताना सायकलच्या चाकान मोजीत गेले. मगे निरोप इलो, चेडू पसंत आसा, अंतर तेवढा चुकीचा.”

अशा माणसाच्या पुढ्यात मालकांनी स्क्रीनवाला ट्रक आणून उभा केला.

आधीच्या पाच गाड्यांना नुसता काटा होता. ही सहावी कोरी, हिच्या डॅशबोर्डावर स्क्रीन. किती किलोमीटर झाले, किती डिझेल जळलं, लिटरला किती ॲव्हरेज पडलं, सगळं आकड्यांत. मालक हरखले होते. मेस्त्री आत चढले, स्क्रीनकडे बघत पाच मिनिटं बसले आणि खाली उतरून म्हणाले, “ह्येका डिझेल कोण सांगता?” कंपनीचा माणूस म्हणाला, इंजिनात किती डिझेल गेलं याचा हिशेब गाडीचा कॉम्प्युटर करतो. मेस्त्री म्हणाले, “म्हणजे टाकीत बगणा नाय.” तो म्हणाला, नाही. “मगे तपासूक होया.”

काट्यांबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “काटो खोटा बोलणा नाय. तेका कोणीतरी शिकवलेला आसता.” कंपन्या मालकाला खूश ठेवायला ॲव्हरेज वाढवून दाखवतात, अशी त्यांची खात्री होती.

ॲव्हरेज हा शब्द घरच्या गाडीसाठी वेगळा आणि आमच्या धंद्यात वेगळा. आमच्याकडे त्यावर ड्रायव्हरची अब्रू असते. ॲव्हरेज घसरलं की आधी इंजिन बघतात, मग टायर बघतात, आणि मग ड्रायव्हरकडे बघतात. वाटेत नळी घालून टाकीतलं डिझेल विकणारे असतात, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून स्क्रीन खरी की खोटी हा नुसता मेस्त्रींचा छंद नव्हता.

त्यांची तपासणी म्हणजे टाकी ते टाकी. टाकी काठोकाठ भरायची, गाडी खेप करून आणायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळलं. ऐकायला सोपं आहे. पण काठोकाठ म्हणजे काय, यावर मेस्त्री तासभर बोलू शकत. नोझल आपोआप बंद झालं म्हणजे टाकी भरली असं पंपवाला म्हणतो; मेस्त्रींच्या मते ती फक्त नोझलची समजूत. डिझेलला फेस असतो. “फेस बसांदे,” म्हणत ते टाकीवर कान ठेवून उभे राहत. ड्रायव्हरला गाडी हलवायला लावत, पुन्हा भरत, पुन्हा थांबत. पाठी गाड्यांची रांग लागे. हॉर्न वाजत. मेस्त्रींना हॉर्न ऐकू येत नसे, फेस मात्र ऐकू येई.

पंप हायवेवरचाच, नेहमीचा. नोझलही नेहमीचं. आणि जमिनीवर चुन्याची एक रेघ, तिच्यावर पुढची चाकं आलीच पाहिजेत. पंपाच्या फरशीला पाणी जाण्यापुरता थोडा उतार होता. बाटली ठेवून मेस्त्रींनी तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. मी म्हटलं, मग सपाट जागा शोधूया. ते म्हणाले, “कित्या? दोनय वेळा उतार तोच. सारखी चूक सारखीच कापान जाता.” हे मला इतकं पटलं, की मी ते घरी जाऊन भावाला समजावून सांगितलं.

त्या ट्रकवर बाबल होता. शिरोड्याचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. गाडी धुतल्याशिवाय घरी जात नसे. गावच्या जत्रेलासुद्धा त्याने कधी जादा सुट्टी मागितली नाही. मेस्त्रींच्या तपासणीला कंटाळला नाही असा तो एकटाच ड्रायव्हर.

मेस्त्रींचा नेम तीन खेपांचा. एका खेपेवरून ते कधी काही ठरवत नसत. पण त्या वर्षी आंबा लवकर आला, मालकांची घाई, स्क्रीनचा आकडा जुळवून देणारा कंपनीचा लॅपटॉपवाला माणूस कोल्हापूरहून एकदाच येणार. म्हणून एकाच खेपेवर भागवलं. पुण्याला पेट्या टाकून बाबल परत आला, रेघेवर गाडी लावली, मेस्त्रींनी फेस बसू दिला. स्क्रीन म्हणत होती, दीडशे लिटर जळलं. टाकीत मावलं एकशे अडतीस. म्हणजे स्क्रीन बारा लिटर जास्त सांगत होती, गाडीला आहे त्यापेक्षा वाईट दाखवत होती. कंपनी स्वतःच्या गाडीची बदनामी करते हे मेस्त्रींनी पहिल्यांदाच पाहिलं. “प्रामाणिक कंपनी दिसता,” म्हणाले. लॅपटॉपवाल्याने त्यांच्या सांगण्यावरून स्क्रीन शंभर लिटर दाखवायची तिथे ब्याण्णव दाखवेल असं केलं. साडेचारचं ॲव्हरेज पाचाच्या जवळ गेलं. मालकांनी पेढे वाटले.

त्यानंतर वाशीच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला स्क्रीनवर एकशे चौऱ्याऐंशी, आणि पंपावर मावलं दोनशे. सोळा लिटर कुठे गेलं? दुसऱ्या खेपेला पंधरा. तिसऱ्या खेपेला पुन्हा सोळा. मी रजिस्टरात लिहीत होते आणि मालक माझ्या खांद्यावरून वाचत होते. तपासणी होती तोवर गडी सरळ राहिला, तपासणी संपली आणि हात टाकीत गेला. ऑफिसात सगळ्यांना एवढा सरळ अर्थ दिसला. मलाही दिसला.

सहाव्या खेपेनंतर मालकांनी बाबलला बोलावलं. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, “मी थेंबाक हात लावलंय नाय.” मालकांनी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री खाली बघून म्हणाले, “स्क्रीन मी स्वतः तपासलेली आसा.” मेस्त्रींनी तपासलेल्या वस्तूवर पुढे कोण काय बोलणार. बाबलने चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

आता माझं सांगते. जिल्ह्यातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत एक रीत आहे. ड्रायव्हर सुटला की का सुटला ते एकमेकांना कळवायचं. कुडाळ, सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याहून मला फोन आले, बाबल आमच्याकडे काम मागतोय, कसा आहे. मी सांगितलं, डिझेल काढतो. कणकवली आणि देवगडहून कुणी विचारलं नव्हतं. तिथे दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता, आणि बोलता बोलता मी आपण होऊन सांगितलं. बातमी सांगायला मजा येते, यापलीकडे त्याला कारण नव्हतं.

ट्रकवर कुडाळचा नवा ड्रायव्हर आला. पहिली खेप, सोळा लिटर कमी. दुसरी, सोळा. तिसरी, पंधरा. मालक कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, या धंद्यात सगळेच चोर. मेस्त्रींनी माझ्याकडून रजिस्टर मागून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. बाबलचे सहा आकडे, नव्याचे तीन. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. टेबलावर बाटली ठेवायला विसरले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

“बाय,” ते म्हणाले, “दोन चोर, दोघांची वळख नाय. मगे दोघांचा माप एकच कसा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन पंपावर गेले. मलाही नेलं, लिहायला. रेघेवर चाकं लावली, फेस बसवला, टाकी काठोकाठ भरली. मेस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग हायवेकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिले. तिथे आता दुभाजक सलग झाला होता. पूर्वी आमच्या गाड्या मधल्या फटीतून थेट पंपावर शिरायच्या. बाबल पुण्याला गेला त्या दोन दिवसांत ती फट बंद झाली, तेव्हापासून पुढच्या वळणावर फिरून उलट बाजूने आत यावं लागे. म्हणजे पुण्याला जाताना टाकी भरली तेव्हा गाडीचं तोंड कुडाळकडे होतं, आणि परत आल्यावर भरली तेव्हा कणकवलीकडे. पंप तोच, नोझल तेच, रेघ तीच. पंपवाल्याने नळी गाडीला वळसा घालून ओढली होती, तेही कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सगळ्यांची नजर रेघेवर होती, आणि मेस्त्रींची सगळ्यांत जास्त.

“गाडी फिरव,” मेस्त्रींनी ड्रायव्हरला सांगितलं. पंपाचा मॅनेजर धावत आला, असं उलटं लावता येणार नाही म्हणाला. मेस्त्रींनी त्याला हात जोडले. त्यांना कुणाला हात जोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. गाडी फिरली, चाकं रेघेवर आली. ज्या टाकीत थेंब मावत नव्हता तिचं झाकण उघडून त्यांनी नोझल लावलं. टाकी लांबट पेटीसारखी, तिचं तोंड पुढच्या टोकाला. पुढचं टोक उताराकडे असलं की मागच्या कोपऱ्यात हवा अडकून राहायची. आता ते टोक वर आलं होतं. मी मीटर वाचत होते. चार. सात. दहा. बाराला डिझेल काठाशी आलं.

कंपनीची स्क्रीन पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ती आम्ही बिघडवली होती. वाशीच्या खेपांना दोन्ही वेळा गाडीचं तोंड एकाच बाजूला, म्हणून पंपाचा आकडा खरा होता आणि आम्ही उतरवलेली स्क्रीन दोनशेला सोळा कमी सांगत होती.

मेस्त्री पंपाच्या कट्ट्यावर बसले. मी म्हटलं, “काका, कोणाच्याय लक्षात येवचा नाय ह्या.” त्यांनी मान हलवली. “तीन खेपा केलंय आसतंय तर कळला आसता. एकच केलंय.” मग म्हणाले, “आणि बाबलासमोर म्हटलंय, मी तपासलेली आसा.”

त्याच दुपारी आम्ही शिरोड्याला गेलो, एसटीने, दोन गाड्या बदलून. बाबल घरामागे नारळ सोलत होता. मेस्त्री त्याच्यासमोर उभे राहिले आणि प्रस्तावना न करता म्हणाले, “चूक माजी होती. तू चोर नाय.” मग उतार, दुभाजक, बारा लिटर, सगळं सांगितलं. बाबलची बायको पाणी घेऊन आली, ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. बाबल सोलत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “मी चोर नाय ह्या माका म्हायत होता, मेस्त्रीनु. माका कित्या सांगतात? ज्येंका सांगलात तेंका सांगा.” मालक परत बोलवतायत असं मी म्हटलं. त्यावर त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “त्या गाडयेर मी बसणंय नाय.”

परतीच्या एसटीत मेस्त्रींनी मला विचारलं, “तू कोणाकोणाक सांगलंस?” बाकावर ते माझ्या अगदी शेजारी होते. मी म्हटलं, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला. ज्यांनी विचारलं होतं ते तिघे. उरलेल्या दोघांची नावं तोंडावर आली होती, पण न विचारता का सांगितलंस, असं ते विचारतील म्हणून मी ती गिळली. तीन नावं त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून घेतली.

त्या तिघांकडे ते स्वतः गेले. तिथे चहा घेतला नाही, बसले नाहीत. टेबलावर बाटली ठेवून उतार म्हणजे काय ते दाखवलं आणि म्हणाले, चोर कोण नाय, चूक माजी. पंपावर डिझेलला येणाऱ्या ड्रायव्हरांनाही ते आठवडाभर हेच सांगत होते. त्यांच्या वयाच्या माणसाला असं उन्हात उभं राहून स्वतःची चूक सांगताना बघणं मला जड जात होतं. कुडाळच्या पार्टीने बाबलला बदली ड्रायव्हर म्हणून दोन खेपा दिल्या. मी मनात म्हटलं, झालं, मिटलं.

मे महिन्यात देवगडला आंब्याची घाई शिगेला गेली. माणूस मिळत नाही म्हणून बागायतदार रडत होते. एके सकाळी मेस्त्री ऑफिसात आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, “काल बाबल देवगडाक गेल्लो. दारातसून परत धाडल्यानी. डिझेलवालो नको म्हणान.”

मी रजिस्टर उघडलं आणि त्यात बघत राहिले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. सांगणारी तूच ना, एवढं जरी विचारलं असतं तरी मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी विचारलं नाही. शांतपणे म्हणाले, “तू तीन नावां दिलंस, ती मी तशीच धरलंय. तुजो आकडो तपासलंय नाय.” आणि उठून गॅरेजमध्ये गेले. आवाजात राग नव्हता. आणखी एक चूक आपल्याकडून झाली, एवढंच ते नोंदवत होते. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

मी रजिस्टर मिटलं, मालकांना अर्धा दिवस सांगितला आणि एसटी पकडली. कणकवलीत काम पाच मिनिटांत झालं. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि बरं म्हणाला. देवगडच्या ऑफिसात पेट्यांचा डोंगर होता आणि चार फोन एकदम वाजत होते. मी त्या माणसासमोर उभी राहिले आणि म्हटलं, बाबलबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं ते खोटं होतं, चूक आमची होती.

त्याने फोन कानापासून दूर धरला. “कोण बाबल?”

मी म्हटलं, काल तुम्ही ज्याला परत पाठवलात तो.

“अच्छा, तो शिरोड्याचो डिझेलवालो,” तो म्हणाला. “तेचा नाव खंय सांगलेलंस तू?”

खरंच, नाव मी सांगितलं नव्हतं. त्याने एक जुनी पावती उलटी करून पुढे ओढली आणि पेन उघडलं. मी आधी बाबलचं पूर्ण नाव सांगितलं, त्याला लिहून घ्यायला लावलं, आणि मग बाकीचं सांगायला सुरुवात केली.